राखणीचं गाऱ्हाणं

रत्नागिरीच्या एसटी डेपोत रुसलेल्या इंजिनाशी रावजी तासभर गोडीत बोले, पण दारू सोडलेल्या माणसाने गावी जाऊन काय बोलावं, हे काही त्याला सुचेना. भातकापणी आटोपली होती आणि येत्या रविवारी देवरुखजवळच्या त्याच्या गावात राखण होती. गावाच्या राखणदार देवाला कोंबडा आणि दारू द्यायची. सगळ्या गावासाठी देवाकडे मागणं मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा मान रावजीच्या घराचा, आणि ते झालं की करवंटीतला पहिला घोटही त्याचाच. गेल्या वर्षी बरेच महिने कोरडा राहिलेला हा गडी 'देवाचं आहे' म्हणून तो घोट प्याला, तो शिमग्यापर्यंत शुद्धीवर आला नाही. बायको गोदा माहेरी गेली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "आता प्यायलात, तर मला न्यायला येव नका."

दारू सोडणाऱ्यांची बैठक गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या वर्गात भरे. ती चालवणाऱ्या सावित्रीबाई निवृत्त नर्स. रडणाऱ्याला त्या रडू देत, थापाड्याला मात्र सोडत नसत.

"करवंटीत कोकमाचं सरबत ओततो," रावजी म्हणाला. "कुनाला कळनार हाय?"

"पुन्हा लपवाछपवी! लपवता लपवताच बुडालात ना सगळे? आप्पा, तुम्ही व्हा ह्यांचे भाऊबंद. करा आग्रह."

आप्पा शिंप्याने एके काळी शिवणयंत्रसुद्धा पिऊन टाकलेलं. आग्रहात त्याचा हात कोण धरणार! रावजीने पोटदुखी सांगितली, तर तो म्हणाला, ह्यानंच बरी होते. डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाला, देवापेक्षा डाक्टर मोठा काय? अख्खा वर्ग हसून बेजार झाला आणि रावजी घामाघूम.

"सबब सांगितली की समोरचा ती खोडतो," बाई म्हणाल्या. "बाटली उघडायच्या आधी, उभं राहून, चारचौघांत खरं सांगून टाका. माणसं आपल्या बाजूला घ्या."

"बाई, तितं बोलनारा मीच. बाकीचे नुसते व्हय म्हाराजा म्हनतात."

बोलता बोलता रावजी थांबला. मग आप्पाकडे बघून चक्क हसला.

रविवारी देवाच्या पाषाणापुढे गाव जमला. करवंटी घेऊन चुलतभाऊ धोंडू तयारच होता. बायका रीतीप्रमाणे मागे, आंब्याखाली; गोदाही त्यांच्यात. रावजीने हात जोडले आणि खणखणीत आवाज लावला.

"बा राखनदारा, गुराढोरांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांची इडापीडा टाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रावजीनं दारू सोडलीय, ती सुटलेलीच ऱ्हावं दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि मायेनं का व्हयना, जो त्येला पाजील, त्येचा हात तू मागं फिरव!"

"व्हय म्हाराजा!" धोंडूचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. मग त्याने हातातल्या करवंटीकडे पाहिलं.

"आरं, ह्ये कुटलं गाऱ्हानं?"

"तूच व्हय म्हनलास," म्हातारे काशीराम म्हणाले. "देवाम्होरं म्हनलास. आता गप ऱ्हा."

इथवर सगळं ठरवल्याप्रमाणे झालं होतं. रावजीची छाती अभिमानाने भरून आली, आणि त्या भरात वर्गात न घोकलेलं एक वाक्य तोंडातून निघून गेलं.

"आनि माज्या गोदाला पुन्ना म्हायेरची वाट धरायची पाळी आनू नको!"

बायकोचं नाव आजवर कुणी गाऱ्हाण्यात घेतलं नव्हतं. पुरुष 'व्हय' म्हणायचं सोडून जमिनीकडे बघत राहिले.

मग मागून, आंब्याखालून, एकट्या बाईचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

रावजीने मागे वळून पाहिलं नाही. डोळे भरले होते. त्याने धोंडूच्या हातून करवंटी घेतली आणि पाषाणाच्या पायथ्याशी उपडी केली.