रिमोटवरचा लाल पडदा

माझं छोटं, रिमोटवर उडणारं विमान महिन्याभरात तयार झालं. रिमोटवरचा पडदा सजवायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला, आणि यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही.

हा रिमोट साधा नव्हता. त्याला रंगीत पडदा होता आणि उडत्या विमानाचं त्यावर काय काय दिसावं हे आपण ठरवायचं. उंची, वेग, बॅटरी, अंतर, प्रत्येकाचा एक चौकोन. हवा तिथे ठेवा, हवा तो रंग द्या. असली वस्तू माझ्यासारख्याच्या हातात देऊ नये. मी कारखान्यात एम्ब्रॉयडरीचं मोठं मशीन चालवतो. दिवसभर डोळे त्याच्या पॅनलवर. धागा तुटला की लाल दिवा लागतो, लाल दिसला की माझा हात आपोआप बंदच्या बटणावर जातो, आणि धागा ओवल्याशिवाय मशीन परत चालू करायचं नसतं. तर मी रिमोटचा पडदा हुबेहूब त्या पॅनलसारखा मांडला. मोटर बंद करायची कळसुद्धा तशीच उजव्या हाताशी घेतली. शेवटी लाल रंग शिल्लक राहिला. तो वाया जाऊ नये म्हणून विमान पन्नास मीटरच्या वर गेलं की अख्खा पडदा लाल व्हावा, अशी सोय केली. पन्नास मीटरवर धोका काहीच नव्हता. लाल छान दिसत होता, एवढंच.

डिंडोलीतल्या आमच्या घराला धड उजेडाची एकच खिडकी आहे आणि तिच्याखालचं टेबल माझ्या विमानांनी अडवलेलं. माझी बायको जयश्री साड्यांना फॉल-पिको करते. डोळे ताणत, दाराशी शिलाई मशीनवर बसून. आधीची दोन विमानं जमिनीवरून उठलीच नव्हती, तरी तिनं खिडकी मागितली नव्हती. या वेळी मागितली.

"रविवारी मी बी येसू," ती म्हणाली. "उडनं तर खिडकी तुमनी. नही उडनं तर मनी."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, खिडकीपेक्षाही मला तिनं ते उडताना बघावं असं फार वाटत होतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघं कामरेजजवळ ऊस तोडून मोकळ्या झालेल्या एका शेतात गेलो. तिथे दर रविवारी विमानं उडवणारे चेतनभाई होते. त्यांनी माझा पडदा निरखून पाहिला.

"भटूभाई, आ तो आखुं एरपोर्ट छे," ते म्हणाले. अख्खं विमानतळ म्हटलं, ही मी तारीफ समजलो.

चेतनभाईंनी विमान हातात धरून धावत जाऊन फेकलं. मी मोटर वाढवली आणि पडद्यावर नजर लावली. वेग आला, उंची आली, सगळे चौकोन आपापल्या जागी जिवंत झाले. काय देखणं दिसत होतं. उंची चढत गेली, पन्नास झाली आणि पडदा लाल झाला.

माझ्या हातानं मोटर बंद केली.

मला विचारलंसुद्धा नाही त्यानं. वरचा आवाज थांबला. कळ परत वर केली असती तर मोटर पुन्हा सुरू झाली असती, पण धागा न ओवता मशीन चालू कसं करणार? मी पडद्यावरची उतरती उंची वाचत राहिलो, तीही मोठ्यानं, जणू कोणी ती विचारत होतं.

तेवढ्यात जयश्रीनं माझी हनुवटी धरली आणि तोंड वर केलं.

"अहो, वर देखा. इमान तठे शे, डब्बामा नही."

मी वर पाहिलं तेव्हा विमान शेजारच्या उभ्या उसात शिरत होतं.

उसाच्या पात्यांनी अंग खरचटून घेत आत घुसून मी ते बाहेर आणलं. एका पंखाचं टोक मोडलं होतं, बाकी धड होतं.

"हरलो," मी म्हटलं. "खिडकी तुझी."

"काबर? उडनं ना."

"पडलं ते."

"पडाना पहिले उडनं. मी देखं, चेतनभाईनी देखं. एक तुम्हीच नही देखं."

हे खरं होतं. तीन विमानांपायी वर्षभर बायकोचा उजेड अडवला, त्यातलं एक शेवटी माझ्याच डोक्यावरून उडून गेलं, आणि मी त्याच्या उंचीचा आकडा बघत होतो. मला एकदम रडू आलं. मोडलेला पंख जवळून तपासतोय असं दाखवत मी खाली बसलो.

"मी पाहिलंच नाही, म्हणजे माझ्यापुरतं नाही उडालं," मी म्हटलं. "तुझं मशीन आजच खिडकीत ठेवू."

ती नको म्हणाली नाही. मोटरसायकलवर विमान मांडीवर घेऊन ती मागे बसली. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "कसं दिसत होतं गं?"

तिनं मांडीवरचं विमान सावरलं. मग म्हणाली, "पहिले मन्हा डोकावरथून गयं. सावली पडनी मन्हा पदरवर. मंग वळनं, तव्हय पंखवर ऊन चमकनं..."

ती सांगत राहिली. मी समोर रस्त्याकडे बघत ऐकत होतो. गाडीच्या मीटरकडे घर येईपर्यंत एकदाही पाहिलं नाही.