खीमा कुंभार नदीकाठीच

सत्ताविसावा दिवस, आणि लाभशंकरदादांचा खीमा कुंभार अजून शेढी नदीच्या अलीकडच्याच काठावर उभा होता. डोक्यावर डाकोरच्या रणछोडरायासाठी घडवलेला माठ, समोर पूर. आणि पुढे? पुढे काय होतं, तेच दादांना आठवेना.

बोटांतल्या अंगठ्या तांब्याच्या माणेवर, म्हणजे मोठ्या घागरीवर, वाजवत साठ वर्षं त्यांनी हे आख्यान गायलं होतं. आजोबांनी रचलेलं, कुठल्या पोथीत न मिळणारं. भक्ताला देवाच्या पायाशी पोचवायचं, मगच प्रसाद वाटायचा, ही घराण्याची रीत. आणि आता भक्तच वाटेत खोळंबलेला. चूक कुणाची, खीम्याची की आपल्या डोक्याची?

सुरतेहून मीनळ पाच वाजता फोन करणार होती. बाई पटली तर दादांनी वडोदऱ्याच्या जुन्या गल्लीतल्या आपल्या घरी राहायचं, नाही पटली तर सामान बांधून लेकीकडे. बाई म्हणजे रुखीबेन. साठीची विधवा, सत्तावीस दिवसांपूर्वी कामाला लागलेली, सकाळी यायची, दिवे लावून जायची. खिचडी मऊ, औषध वेळेवर, सगळं चोख. पण दादा गोष्ट सांगायला लागले की मुकी. बायको, जयागौरी, होती तेव्हा वाक्य संपायच्या आत तिचं “हं, मग?” तयार असायचं. त्या “मग”चं बोट धरूनच तर दादा पुढे जायचे.

“रुखीबेन, खीमा नदीकाठी आला.”

रुखीबेन पापडीच्या शेंगा सोलत राहिली.

“नदीला पूर.”

एक शेंग कट्कन मोडली. बस, तेवढंच. दादांची बोटं माणेवर थबकली. आता होडी येते का? छे, होडी त्या दुसऱ्या आख्यानातली. मग पूर ओसरतो?

“तुम्हाला ऐकू येतं ना हो?” दादा उखडले.

“न यायला काय झालं? कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतं रोज?”

“मग हुंकार का देत नाही? आज मीनळला सांगणार आहे मी, नको ही बाई म्हणून.”

रुखीबेनचा हात थांबला. “मला वाटलं, तुम्ही जयागौरीबांना सांगताय.” तिनं समोरच्या भिंतीवरच्या जयागौरीच्या फोटोकडे हनुवटीनं खूण केली. “नवराबायकोच्या बोलण्यात मी कशी ‘हं’ म्हणू? एवढी अक्कल आहे मला.”

“अहो, नाव तर तुमचं घेतो मी!”

“नाव माझं, डोळे तिकडं.”

दादा गोंधळले. फोटोकडे बघितलं, रुखीबेनकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. खरंच? सत्तावीस दिवस? मग ते पुटपुटले, “जया, रागावू नको हं,” आणि झोपाळ्यावर कसेबसे पाय फिरवून उलटे बसले. फोटो पाठीशी, रुखीबेन समोर.

“खीमा नदीकाठी आला.”

“हं.” जाडाभरडा हुंकार, जयासारखा नव्हेच.

“नदीला पूर.”

“हं. आणि भट्टीपाशी कोण?”

“कसली भट्टी?”

“कुंभार ना तो? मी कुंभाराची लेक आहे दादा. भट्टी पेटली की आमच्यात एकट्याला बसवत नाहीत. एकानं जळण घालायचं, दुसऱ्यानं नुसतं बोलत बसायचं. त्याचं काम काहीच नाही, पण तो नसला की पहिल्याचा डोळा लागलाच, माल कच्चा राहिलाच. बायकोला भट्टीपाशी एकटी टाकून हा मोठा देवाला निघाला!”

खीम्याला बायको होती? आजोबांनी सांगितलं होतं का? की आपणच विसरलो? जयानं तर कधी विचारलं नाही. दादांना काही उलगडेना. पण बोटं मात्र माणेवर आपसूक चालू लागली होती.

“खीमा… खीमा मागं वळला.”

“हं!”

“माठ डोक्यावर तसाच.”

“मग?”

तेवढ्यात फोन वाजला. “बापुजी, काय ठरलं?” मीनळ विचारत होती.

“अगं, खीमा घरी परत निघालाय! आता देव त्याला कुठं भेटणार, मलाच ठाऊक नाही.”

“बापुजी, बरे आहात ना? मी बाईंचं विचारतेय.”

“त्यांना उद्या यावंच लागेल. त्यांच्याशिवाय हा घरी पोचायचा नाही. ठेव आता.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “उरलेलं उद्या सांगतो, रुखीबेन.”

“उद्या?” रुखीबेननं शेंगांची परात बाजूला सारली. “ती बिचारी भट्टीपाशी एकटी बसलीय, आणि तुम्ही मला उद्याचं सांगताय?”