रुमानाचं नाव

जरिनाबींनी कागदावर मुलाऐवजी मुलीचं नाव घातलं होतं, आणि हे अजमलला कसं सांगावं या घोरात त्या आठवडाभर होत्या. उद्या आपल्याला बोलता येईनासं झालं तर उपचार कुठवर करायचे, मशीनवर ठेवायचं की नाही, आणि तेव्हा आपल्या वतीनं सही कुणी करायची, हे त्या कागदात लिहिलं होतं. सांगलीच्या वकीलबाईंनी दोन साक्षीदारांसमोर तो नोटरी करून दिला होता.

अजमल थोरला. बापाच्या दुखण्यात दवाखान्यातल्या सगळ्या सह्या त्यानंच केल्या होत्या. आता धाकट्या बहिणीचं नाव बघून आपल्याला डावललं असं त्याला वाटेल, याची त्यांना धास्ती होती.

शुक्रवारी नमाजाहून येऊन तो जेवायला बसला, तेव्हा त्यांनी कागद पुढं केला.

"रागावू नगंस. रुमाना नर्स हाय, तिला त्यातलं कळतं. आणि मला काय पायजे ते मी सगळं लिवलंय."

अजमलनं कागद दोनदा वाचला आणि बाहीनं डोळे पुसले.

"अम्मी, अब्बांचं मशीन काढायची सही मी केली. घाई तर केली न्हाई ना, हे तीन वर्सं मनातनं जात न्हाई. तुझ्या वक्ताला परत तेच नशिबी येतंय, याचं लय भ्या होतं मला."

"मग बोलला का न्हाईस रं?"

"थोरला हाय न्हवं मी."

जरिनाबींनी त्याला कालवण वाढलं आणि स्वतःचंही ताट घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. त्या दिवशी दोघंही पोटभर जेवली.