ताईच्या पत्त्यावरचं खातं

मी एक पासपोर्ट आहे. गडद निळं कव्हर, दोऱ्याने शिवलेली पानं आणि आत एका माणसाचा फोटो. ते माझे मालक. फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, "हसू नका हं." मालकांचा हसायचा काही विचारच नव्हता, पण सांगितल्यावर ते इतके गंभीर झाले की फोटोत दाढ दुखत असल्यासारखे दिसतात. छापखान्यात तो चेहरा माझ्या पानावर पक्का बसवला आणि मला पोस्टाने घरी धाडून दिलं.

मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. लोकांना वरखाली नेण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतः गाव सोडून फारसे कुठे गेले नाहीत. मग मला कशाला काढलं? तर बहिणीसाठी. त्यांची ताई तरुणपणीच नर्स म्हणून परदेशी गेली आणि तिथलीच झाली. लग्नबिग्न केलं नाही. आई गेली तेव्हा ताई आली नाही, आणि तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद झालं. पुढे मालकांचा राग निवला. "आपणच एकदा जाऊन येऊ," म्हणाले आणि मला काढलं. पण जायचं तर आधी फोन करायला हवा. आणि तो आधी कुणी करायचा?

तेवढ्यासाठी मी कित्येक वर्षं कपाटात पडून राहिलो. लोकरीच्या कपड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. मालकीणबाई कपाट आवरताना मला हातात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, एक फोन केलात तर बोटं झिजणार आहेत का तुमची?"

"बघू," मालक म्हणायचे.

मग मालकीणबाईही गेल्या आणि तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

एक दिवस फोन आला, पण तो ताईचा नव्हता, तिच्या शेजारणीचा होता. ताई न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलंय, पण बघायला कुणी नाही. मालकांनी फोन ठेवला आणि तडक कपाटाशी आले. माझ्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली. आजारी माणसाची देखभाल करायला जाणाऱ्याला तिथे वर्षभर राहता येतं. तसा शिक्का माझ्या कोऱ्या पानावर बसला. पहिलाच शिक्का. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

ताईने दार उघडलं तेव्हा मी मालकांच्या आतल्या खिशात होतो. वॉकरच्या चौकटीवर दोन्ही हात टेकून ती उभी होती.

"आलास?"

"आलो."

"लठ्ठ झालायस ढब्बू."

ढब्बू! साठी उलटलेल्या माणसाला या नावाने हाक मारणारं जगात एवढं एकच माणूस शिल्लक होतं. माझ्याजवळच मालकांचं काळीज होतं, ते कसं धडधडलं हे मला ठाऊक आहे. पण लगेच ताई म्हणाली, "चार दिवस राहा, फिर, मग जा. माझं मी करते. आणि इथे जागा लहान, तुझी अडचण होईल."

"छे छे, मी लॉज बघून ठेवलाय," मालक म्हणाले. लॉजबिज काही बघितलेला नव्हता. सामान घेऊन संध्याकाळभर शोधत हिंडलो आम्ही.

रोज सकाळी मालक ताईकडे जायचे. तिला धरून जिन्यापर्यंत चालवायचे, भाजी चिरून द्यायचे, वर तिची बोलणी खायचे. "असं नाही धरायचं पेशंटला! लिफ्ट ओढतोयस का?" पण तिला खाली वाकता येत नव्हतं. पडलेला चमचा ती चिमट्याने उचलायची. मालकांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवलं की वर्षभर इथेच राहायचं. जवळपास छोटी खोली घ्यायची आणि आपल्या पेन्शनवर जगायचं. ताईच्या अंगावर पडायचं नाही. हे ताईला मात्र सांगितलं नाही. आधी बस्तान बसवू, मग सांगू, असा विचार.

खोली मिळाली. घरमालक म्हणाला, "भाडं मी बँकेतूनच घेतो. इथलं खातं दाखवा, लगेच करार करू."

मग आमच्या बँकेच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या बँकेतल्या माणसाने माझं कव्हर बघितलं आणि मला परत सरकवलं. "इथले रहिवासी नसलेल्यांची खाती आम्ही काढत नाही." मला उघडलंसुद्धा नाही! मालकांना तिथली भाषा कामापुरती येत होती, पण भांडण्यापुरती येत नव्हती. ते "बरं" म्हणून निघाले.

दुसऱ्या बँकेत एक अधिकारी बाई होत्या. चष्मा केसांवर चढवायचा आणि मग टेबलभर शोधायचा, अशी त्यांची सवय. त्यांनी मला नीट वाचलं, यंत्रावर ठेवून माझी नक्कल काढली, मग एकेक विचारत गेल्या. पैसे कुठून येणार? पेन्शन. तिकडे कर भरता? भरतो, हा त्याचा नंबर.

"छान. आणि इथला पत्ता?"

मालकांनी लॉजचा सांगितला.

"लॉज चालत नाही. भाडेकरार आणा."

"पण भाडेकराराला खातं लागतं."

"आणि खात्याला भाडेकरार लागतो," बाई म्हणाल्या. आधी कोंबडी की आधी अंडं, अशातली गत. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"इथे तुमचं कुणी नाही का?"

"बहीण आहे."

"मग सोपं आहे की! त्या येऊन लिहून देतील, हे माझ्याकडे राहतात म्हणून."

"तिच्याकडे नाही राहत मी," मालक म्हणाले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांच्याकडे पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. फक्त संपर्कासाठी एक फोन नंबर मागून घेतला. मालकांनी ताईचाच दिला, दुसरा होता कुठे?

आता ताईला नुसतं विचारायचं होतं. पण मालक विचारीनात. रोज तिच्या दाराशी जाऊन घसा साफ करायचे आणि आत गेल्यावर हवापाण्याचं बोलायचे. तिने "चार दिवस" म्हटलं होतं ना, मग तिच्या घराचा पत्ता मागायचा कोणत्या तोंडाने? शेवटी एका दुपारी त्यांनी परतीच्या विमानाची चौकशी केली. मी खिशात गुमान पडून होतो. पुन्हा त्या डांबराच्या गोळ्या, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी ताईने दार उघडलं ते चेहरा लाल करूनच.

"बँकेतून फोन आला होता. तुमच्या भावाचं काम पत्त्यासाठी अडलंय म्हणे. वर्षभर राहणारेस तू?"

मालक पायपुसण्यावर बूट पुसत राहिले.

"माझा भाऊ राहणार की जाणार, हे मला बँकेने सांगायचं?"

"तूच म्हणालीस, चार दिवस."

"मी हजार गोष्टी म्हणते! बूट दे माझे."

ऑपरेशननंतर ती प्रथमच बाहेर पडत होती. मालक गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायांत बूट चढवू लागले. ते वाकले तसा मी खिशातून अर्धा बाहेर आलो, म्हणून मला दिसलं. ताईने आधारासाठी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि बूट चढल्यावरही उचलला नव्हता.

बँकेत गर्दी होती. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसली. ताईने पर्स मांडीवर घेतली. मग समोरच्या भिंतीकडे बघतच ताई म्हणाली, "आई गेली तेव्हा मी तिकीट काढलं होतं."

"काय?"

"बॅग भरून दारात ठेवली होती. तेवढ्यात तुझा फोन. म्हणालास, आता येऊ नकोस, आता येऊन काय उपयोग."

"रागाने बोललो गं ताई. रात्रंदिवस एकटा होतो तिच्याजवळ."

"मला काय ठाऊक! तू नको म्हणालास, मी नाही आले."

मालकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "जन्मात कधी माझं ऐकलंस का तू? ऐकायला नेमकी तीच वेळ सापडली तुला?"

ताई हसायला लागली. हसता हसता पर्समध्ये रुमाल शोधू लागली, आणि तो काही सापडेना. मालकांनी आपला दिला. आजूबाजूची माणसं बघत होती. या वयाची दोन माणसं बँकेत बसून हसतायत की रडतायत, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. अधिकारी बाईंनी ताईला खुर्ची दिली. तिचं ओळखपत्र आणि विजेचं बिल पाहिलं, मला शेजारी ठेवलं आणि विचारलं, "हे तुमच्याकडे राहतात?"

मालक खाली बघत होते.

"राहतो," ताई म्हणाली. "आजपासून. आजपासूनचं चालतं ना तुम्हाला?"

"चालतं. तारीख आजचीच घालते," बाई म्हणाल्या.

ताईने सही केली, मालकांनी केली. बाहेर पडताना ती म्हणाली, "लॉजवरून सामान आण. पलंग माझा, सोफा तुझा. आणि घोरलास तर खिडकीतून खाली टाकीन."

"तुला वाकता तरी येतं का?"

"तेवढ्यापुरतं वाकेन!"

त्या घरमालकाची खोली मग कुणी दुसऱ्याने घेतली. मालकांचं वर्ष संपलं, मुदत वाढली, पुन्हा वाढली. माझी पानं शिक्क्यांनी भरत आली आणि एक दिवस माझी स्वतःचीच मुदत सरली. नवा पासपोर्ट आला. माझा कोपरा कात्रीने कापून मला रद्द केलं. दुखलं नाही. आता मी ताईच्या टेबलाच्या खणात तिच्या जुन्या पासपोर्टांशेजारी असतो. तिच्या पहिल्या पासपोर्टातला फोटो विशीतल्या मुलीचा आहे. त्यातही कुणीतरी "हसू नका" म्हटलेलं दिसतं.

माझं काम संपलं. माणूस कोण, कुठे जन्मला, केव्हा जन्मला, हे मी हयातभर चोख सांगत आलो. पण तो कुणाचा आहे हे लिहायला माझ्यात एक ओळही नव्हती. ते माणसांनी आपल्या तोंडाने सांगावं लागतं. वाचकहो, तुमच्याही कपाटात माझा कुणी भाऊबंद कोऱ्या पानांनी पडून असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा. आणि फोन आधी कुणी करायचा, याचा फार विचार करू नका.

बाहेर आता दोघांचं जुंपलंय. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. रोजचंच आहे. मी जरा डोळे मिटतो.