दोनशे बारा पावले

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक लांब, सरळ रस्ता डोळ्यांसमोर आणा. दिवसभराचे काम आटोपून तुम्ही दमून घरी चालला आहात. ओढ्यावरची मोरी ओलांडली की तुमचे घर दिसते. दारात आई उभी आहे, चूल पेटलेली आहे. तुम्ही उंबऱ्यापाशी पोहोचता आणि सहज पुढे पाहता, तर दोनशे पावलांवर एक भलीमोठी पाटी उभी. तिच्यावर तुमच्या प्रदेशाचे नाव लिहिलेले आहे आणि खाली लिहिले आहे, 'आपले स्वागत आहे'. म्हणजे तुम्ही घरी पोहोचलात, पण तुमच्या प्रदेशात अजून पोहोचलाच नाहीत. कसे वाटेल?

आता डोळे उघडा. ती पाटी म्हणजे मी.

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे. माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. दोन पत्रे जोडून त्याने माझे अंग केले आणि जाड नळांचे दोन पाय लावले. मग एका पेंटरने मला गडद निळा रंग दिला आणि वर पांढरी अक्षरे काढली. तो फार चोखंदळ माणूस होता. 'स्वागत' हा शब्द त्याने तीनदा पुसून पुन्हा काढला. 'स्वा'चा काना जरा वाकडा वाटतो, म्हणाला. त्या मानाने मला रोवायला आलेली मंडळी अगदी वेगळी निघाली.

हुकूम स्पष्ट होता. प्रदेशाची हद्द ओढ्यापर्यंत, म्हणून पाटी मोरीच्या कडेला रोवायची. मुकादम दोन मजूर घेऊन आला. पण मोरीजवळ वीतभर खणले की खडक लागे. भर दुपार होती. पहार वाकली, मजुरांच्या हाताला फोड आले. मुकादमाने कपाळाचा घाम पुसला आणि गावाच्या दिशेने पाहिले. तिकडे रस्त्याच्या कडेला दोर वळणाऱ्यांची अकरा घरे होती. ही माणसे काथ्या हौदात भिजवत आणि हौदाचे पाणी उताराने पलीकडच्या मोकळ्या जागेत सोडत. त्यामुळे तिथली माती लोण्यासारखी मऊ झाली होती. मुकादमाने मला तिथेच रोवले. अकरा घरे ओढ्याच्या बाजूला राहिली आणि मी गावाच्या बाजूला.

दोरवाल्यांच्या घरातली एक तरणी सून हे पाहत होती. ती म्हणाली, "दादा, पाटी आमच्या घरांच्या गावाकडच्या बाजूला आली की. आम्ही बाहेर पडलो."

मुकादम हसला. "वहिनी, तात्पुरती आहे हो. आठ दिवसांत सुरुंग आणतो, खडक फोडतो आणि हलवतो. पाटीच ती, काय बिघडतंय?"

त्या आठ दिवसांना एकतीस वर्षे झाली. ती तरणी सून आता आजी झाली आहे.

पहिली काही वर्षे कुणाचे काही बिघडले नाही, हे खरे. लोक थट्टा करत. दोरवाल्यांपैकी कुणी गावात आले की न्हावी म्हणे, "या, परदेशातून कधी आलात?" आणि दोरवालेही हसत. पण थट्टा रोज झाली की तिची सवय होते आणि सवय झाली की ती थट्टा राहत नाही. बस माझ्यापाशी थांबून वळू लागली, कारण चालकाला पाटी दिसे, नकाशा दिसत नसे. कचऱ्याची गाडी माझ्यापर्यंत येऊन मागे फिरू लागली. रस्त्यावरचा शेवटचा दिवा माझ्या डोक्यावर लागला. दोरवाल्यांनी दोनदा अर्ज केले. दोन्ही वेळा उत्तर आले की पाटी तात्पुरती आहे, काळजी नसावी. पुढे ते उत्तर देणारे साहेब निवृत्त झाले, मुकादम वारला, आणि मला हलवायचे होते हे लक्षात ठेवणारे कुणी उरले नाही. शाळेतली मुले अकरा घरांतल्या मुलांना 'पाटीबाहेरचे' म्हणू लागली. ती मुले काही ओढ्यापलीकडून आलेली नव्हती. त्यांचे आजोबाही इथेच जन्मले होते.

आणि मी? मित्रांनो, तुमच्याशी खोटे बोलणार नाही. मी खूश होते. दर वर्षी मला नवा रंग मिळे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. एकदा तर सगळ्या प्रदेशातली सर्वांत सुंदर पाटी म्हणून माझी निवड झाली. चुकीच्या जागी उभे राहूनही इतके कौतुक होते म्हटल्यावर ती जागा मला बरोबर वाटू लागली. मी जिथे उभी आहे तिथूनच प्रदेश सुरू होतो, असे मीही मानू लागले. रोज सकाळी अकरा घरांतली माणसे कामाला निघत आणि मी त्यांच्याच तोंडावर 'आपले स्वागत आहे' असे म्हणत असे. इथल्याच माणसाला रोज पाहुणा म्हणायचे, याहून मोठा अपमान कोणता, हे मला कळायला फार उशीर झाला.

ते कळले त्या आजीच्या नातीमुळे. तिला सगळे भिंगरी म्हणतात. वय अकरा. दोर वळताना एक जण चाक फिरवतो आणि दुसरा काथ्याचे पेड धरून मागे मागे चालत जातो. दोर तुटला की कुणीतरी धावत जाऊन टोक पकडावे लागते. ते काम भिंगरीचे. चालायला लागल्यापासून ती त्या लांब पट्ट्यावर धावत आली आहे. शाळेत प्रदेशाच्या संघासाठी निवडीची शर्यत झाली, तेव्हा ती सगळ्या मुलींच्या इतकी पुढे होती, की खेळाच्या सरांनी आपले घड्याळ कानाला लावून पाहिले म्हणे. राजधानीतल्या स्पर्धेत धावायला तिचे नाव पक्के झाले. छातीवर प्रदेशाचे नाव असलेला पिवळा बनियन मिळणार होता. आठवडाभर ती माझ्यासमोर उभी राहून माझ्यावरची अक्षरे बोटाने हवेत गिरवत होती. बनियनवर ती केवढी असतील, याचा अंदाज घेत होती.

दुसरी आलेली मुलगी लाकडाच्या वखारवाल्याची. माझ्यापासून तीस पावलांवर, गावाच्या बाजूला पहिलेच घर त्यांचे. वखारवाला सरांना बसथांब्यावरच भेटला. माणूस वाईट नाही, आवाजही चढवला नाही. पण आपल्या प्रदेशाचा संघ म्हणजे आपल्याच मुलांचा असायला हवा, बाहेरच्यांना एकदा वाट दिली की आपल्या पोरांनी काय करायचे, असे तो बराच वेळ सांगत राहिला. सरांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगरीला रहिवासाचा दाखला आणायला सांगितले.

भिंगरीचे बाबा कार्यालयात गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने राहता कुठे म्हणून विचारले आणि उत्तर ऐकताच मान हलवली. "म्हणजे पाटीबाहेर. दाखला नाही मिळायचा." बाबा हलले नाहीत. एकदा नकाशा तरी उघडा, एवढेच म्हणत राहिले. वैतागून कारकुनाने कपाटातून नकाशा काढला, त्यावरची धूळ झटकली आणि पाहत बसला. रेघ ओढ्यावरून जात होती. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रेघ तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी मोजणीदार आला. त्याने मोरीपासून माझ्यापर्यंत फीत धरली. आपले काम झाल्यावर भिंगरीलाही पावले मोजू दिली. तिची दोनशे बारा भरली. मोजणीदाराने वहीत लिहिले, की पाटी चुकीच्या जागी आहे. त्या संध्याकाळी अकरा घरांतली मुले माझ्याभोवती नाचली. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. आता मला उपटतील, खडक फोडतील, नीट जागी नेतील, असे वाटले. स्पर्धेला तेव्हा बारा दिवस होते.

पण वरून एक बाई आल्या. हातात छापील कागदांचा गठ्ठा होता. पाटी हलवायची म्हणजे मोठा निर्णय, त्याआधी रहिवाशांची भावना समजून घेतली पाहिजे, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. बाई स्वभावाने गोड होत्या. बसथांब्याच्या बाकावर बसून त्या एकेकाला बोलावू लागल्या. प्रश्न एकच होता: तुम्ही या प्रदेशाचे आहात असे तुम्हाला वाटते का? उत्तरे तीन: हो, नाही, सांगता येत नाही.

आजीची पाळी आली तेव्हा भिंगरी तिच्या पदराला धरून उभी होती.

आजीने विचारले, "खरं सांगू का बरं सांगू?"

"खरंच सांगा, आजी. कागदावर तुमचं नाव नसतं."

"मग नाही लिहा."

भिंगरीने पदर ओढला. "आजी, हो म्हण ना."

आजी बाईंकडे पाहत म्हणाली, "इतकी वर्षं झाडूवाला माझ्या दाराकडे बघून मागं फिरतो. माझा मुलगा शाळेतून रडत यायचा, आता नात येते. मी इथली आहे हे मला ठाऊक आहे, बाई. पण तुम्ही वाटतं का म्हणून विचारलंत. वाटत नाही. वाटू दिलंच नाही कुणी."

"अगं आजी, पण..."

"खोटं बोलू नये म्हणून तुला रोज सांगते, बाळे. आता तुझ्याच समोर कशी बोलू?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी 'नाही'समोर खूण केली. कागदावर खुणेला जागा होती, बाकीच्या बोलण्याला नव्हती. एकोणतीस मोठी माणसे होती. चोवीस जण नाही म्हणाले, तिघे हो म्हणाले, दोघांना सांगता आले नाही.

आठ दिवसांनी उत्तर आले. ते म्हातारा कारकून स्वतः घेऊन आला. आधी तो बसथांब्यावर बसून राहिला. पाकीट उघडून दोनदा वाचले, पुन्हा बंद केले. शेवटी भिंगरीचे बाबाच दोर खाली ठेवून त्याच्याकडे आले.

कारकून म्हणाला, "मोजणी बरोबर आहे, हे साहेबांनी मान्य केलंय. पण रहिवाशांनाच या प्रदेशाचं असल्यासारखं वाटत नाही, तर त्यांच्या भावनेचा मान राखून हद्दीची रेघ पाटीपर्यंत मागं घ्यावी, असं ठरलंय."

"म्हणजे पाटी हलवायची नाही. रेघ हलवायची."

"हो."

"आणि हे आम्हीच मागितलं?"

"कागदावर तसंच झालंय," कारकून म्हणाला. त्याने बाबांच्या डोळ्यांत पाहिले नाही.

ओढ्यापलीकडच्या प्रदेशाची हद्द ओढ्यापर्यंतच आहे. इकडची आता माझ्यापर्यंत. मधली दोनशे बारा पावले आणि त्यांच्यातली अकरा घरे कुणाचीच नाहीत. लगेच माणसे आली आणि माझे पाय सिमेंटमध्ये पक्के करून गेली. मी एकतीस वर्षे तात्पुरती होते, ती त्या दिवशी कायमची झाले. पिवळा बनियन वखारवाल्याच्या मुलीकडे गेला.

आजी दोन दिवस जेवली नाही. माझ्या एका शब्दाने पोरीचे पाय बांधले, म्हणत राहिली. बाबांनी तिला समजावले, की ती हो म्हणाली असती तरी तेवीस उरलेच असते. त्यांनी सांगितले ते बरोबर होते, पण आजीने ताट तसेच बाजूला सरकवले.

मित्रांनो, मी पाटी आहे. मला दोन ओळींपलीकडे काही बोलता येत नाही, आणि त्या दोन ओळींतलीही एक खोटी आहे. म्हणून तुमच्याकडे एकच मागणे मागते. पाटी वाचा, पण तिच्यावर विश्वास टाकण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंना कोण राहते, ते चालत जाऊन पाहा. तात्पुरती म्हणून केलेली चूक तात्पुरती असतानाच दुरुस्त करा. उशीर झाला की चूक तशीच राहते आणि माणसांनाच सरकावे लागते. आणि ज्याला तुम्ही रोज बाहेरचा म्हटले, तो एके दिवशी खरेच बाहेरचा झाला, तर नवल करू नका.

स्पर्धेचा संघ गेला त्या सकाळी भिंगरी रडेल, असे मला वाटले होते. माझ्यावर दगड मारेल, असेही वाटले होते, आणि तिने तो मारावा अशी माझी इच्छा होती. तिने तसे काही केले नाही. बस दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग घरात जाऊन शाळेची वही आणि पेन्सिल घेऊन आली. बसथांब्याच्या बाकावर बसून तिने एका कोऱ्या पानावर पट्टीने तीन रकाने आखले आणि वर सावकाश अक्षरांत लिहिले: हो, नाही, सांगता येत नाही.

ती माझ्या शेजारून गावाच्या बाजूला गेली. वखारवाल्याच्या दाराशी थांबून तिने कडी वाजवली. वखारवाला बाहेर आला. तिला पाहून तो जरा गोंधळला. आमची पोर तर स्पर्धेला गेली, असे काहीतरी पुटपुटला.

"काका, एकच प्रश्न आहे," भिंगरी म्हणाली. "आम्ही तुमचे आहोत असं तुम्हाला वाटतं का? खरं सांगा. नाव लिहीत नाही मी."

वखारवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तिच्या वहीकडे. त्याच्या पलीकडे गावातली उरलेली सगळी घरे होती. भिंगरीने पेन्सिल कागदावर टेकवली आणि ती वाट पाहत उभी राहिली.