न ऐकू येणारी शिट्टी

दादाभाऊंना शिट्टी ऐकू आलीच नाही. त्यांना दिसले ते कानांवर हात ठेवलेले लोक.

पिंपळवंडीतलाच साखरपुडा होता, साउंड दादाभाऊंचा. नवऱ्या मुलाचे मामा माइक घेऊन थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले आणि मग व्हायचं ते झालं. माइकमधला आवाज स्पीकरमध्ये, स्पीकरमधला पुन्हा माइकमध्ये, असा घुमत घुमत तो शिट्टी मारायला लागला. दादाभाऊ मिक्सरपाशी खुर्ची टाकून चहा पीत होते. पुढच्या रांगेतल्या बायका तोंडं वाकडी करून आपल्याकडे का बघतायत, हे त्यांना कळेना. वर्षानुवर्षं त्यांच्या वायरी ओढणारा गोकुळ मांडवाच्या पार टोकाकडून धावत आला आणि त्याने आवाज खाली घेतला.

"भाऊ, डोळा लागला व्हता का काय?"

"हां, जरा लागला," दादाभाऊ म्हणाले. जत्रांचे दिवस होते, जागरणाचं कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. स्वतःलाही त्यांनी तेच पटवलं.

पण पुढे येडगावच्या एका बारशात तेच घडलं, तेव्हा डोळे टक्क उघडे होते. मग ते कुणाला न सांगता नारायणगावला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्यांदा दादाभाऊंनी भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मशीन बंद पडलं असावं असं वाटून त्यांनी काचेबाहेर पाहिलं, तर डॉक्टर अजून खुंट्या फिरवतच होते.

कागदावर जी रेघ उमटली ती अर्ध्यापर्यंत सपाट चालली होती आणि मग माळशेजच्या कड्यासारखी खाली कोसळली होती.

"जाड आवाज तुम्हाला नीट येतायत. बारीक आवाज गेले," डॉक्टर म्हणाले. "एवढी वर्षं स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? ते परत यायचे नाहीत. मशीन लावून घ्या."

मशीन. कानात मशीन घातलेल्या साउंडवाल्याला सुपारी देणार कोण? दादाभाऊंनी नकारार्थी मान हलवली आणि ते उठले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, आवाज डोळ्यांनी बघायचं काही असतं का?"

"मोबाइलवर असतात की ॲप. कुठला आवाज किती बारीक, किती जाड, त्याचा आलेख दाखवतात. पण मी मशीनचं म्हणतोय."

"बघू," दादाभाऊ म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी फोनशी जेवढी झटापट केली, तेवढी आजवर कधी केली नव्हती. पहिलं ॲप उघडलं तर काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ सापासारखी वळवळायला लागली. खोकलं की वळवळ, दार लोटलं की वळवळ. आवाज झालाय एवढं कळे, पण कुठला ते कळेना. तेवढं तर लोकांच्या तोंडांकडे बघूनही कळत होतं. ते काढून टाकलं.

दुसऱ्यात रंगीबेरंगी पट्ट्या गाण्याच्या तालावर नाचत. दिसायला झकास, पण पट्ट्या मोजक्याच. शिट्टी त्यातल्या एका पट्टीत कुठेतरी लपून बसे, नेमकी कुठे ते दिसत नसे. शिवाय ते ॲप आधी फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागत होतं. आवाज बघायला माझ्या पाव्हण्यारावळ्यांचे नंबर कशाला, म्हणून दादाभाऊंनी तेही काढलं.

तिसरं त्यांना मनापासून आवडलं. त्यात आवाज रंग होऊन वरून खाली ओघळत. भजनाची चिपळी वाजली की आडवी ठिणगी पडे, आणि एकच सूर लांबला की सरळ दोरा उतरे. शिट्टी ओळखायला याहून चांगलं काही नव्हतं. पण दर थोड्या वेळाने त्यावर कसल्या तरी खेळाची जाहिरात चढे आणि ती बंद करायची फुली नखाएवढी. ऐन आरतीत जाहिरात आली तर काय करणार? आणि रेंज नसली की ते उघडतच नसे.

चौथं ॲप दिसायला अगदीच रुक्ष होतं. पांढऱ्यावर काळी रेघ, खाली आकडे. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. जो आवाज सगळ्यात वर डोकं काढील त्याचा आकडा कोपऱ्यात उमटे. मिक्सरला जोडलेल्या, एकेक आवाज कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरच्या दांड्यांखालीही असेच आकडे होते. आकडा बघायचा, ती दांडी खाली ओढायची. जाहिरात नाही, नेट नको.

आता ते खरं बोलतं का खोटं, हे बघायचं होतं. त्यासाठी ऐकू येणारा माणूस हवा होता. त्यांची बायको मंगल कांद्याची खुरपणी करून नुकतीच घरी आली होती. पायरीवर बसून पायाला लागलेली माती चोळत होती.

"मंगल, जरा शिट्टी वाजव."

"या वयात?" ती म्हणाली. पण दमलेलं माणूस वाद घालत नाही. तिने तोंडाने वाजवली, मग बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची पिपाणी वाजवली, मग ताटलीवर चमचा मारला. प्रत्येक वेळी रेघेने नवीन ठिकाणी डोकं काढलं. दादाभाऊंना बरं वाटलं.

दिवेलागण झाली. मंगल चूल पेटवायला आत निघाली होती. अंगणात कुणी काही वाजवत नव्हतं, तरी पडद्याच्या उजव्या बाजूला एक टोक ताठ उभं राहिलं होतं. हलेना, डुलेना. दादाभाऊंनी फोन झटकला, माइकच्या भोकावर फुंकर मारली. टोक तिथंच.

"ह्यो फोन गंडला. काय बी नसताना दाखवतोय."

मंगल उंबऱ्यात थांबली. "काय बी नसताना कसं? रातकिडं हायेत की."

"रातकिडं?"

"रोजच असत्यात. आज तर लई वरडत्यात."

दादाभाऊ फोनकडे बघत राहिले. रातकिडे संपले, असं ते कितीतरी दिवस पारावर सांगत होते. द्राक्षांवर एवढ्या फवारण्या मारल्यावर किडे राहणार कुठून, असं म्हणून लोकांना पटवत होते. कोणी काही बोललं नव्हतं. एकदा पारावर बसणारे गेणभाऊ त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते, ते आत्ता आठवलं.

मंगल परत आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मी हाक मारली की तुमी आधी माझ्या तोंडाकडं बघता. कवापासून?"

"डॉक्टर म्हनला लई दिसांपासून."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

सांगायचं म्हणजे पुन्हा एकदा ऐकायचं, आणि तेवढं बळ राहिलं नव्हतं. ती उठून भाकरी थापायला गेली. पडद्यावरचं टोक तसंच उभं होतं. दादाभाऊंनी ॲप बंद केलं.

मढच्या सप्ताहाचं शेवटचं, काल्याचं कीर्तन त्यांच्याकडे होतं. कीर्तनकार वैजयंतीताई. त्यांच्या आवाजाला दादाभाऊंनी गेली कित्येक वर्षं साउंड दिला होता. उन्हं चढायच्या आत डोंगराकडच्या वाड्यांमधून माणसं आली आणि देवळापुढचं पटांगण भरलं. रेंजचं नाव नव्हतं, पण चौथ्या ॲपला तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मिक्सरच्या कडेला फोन टेकवून दादाभाऊ बसले.

ताईंनी पहिला अभंग उचलला आणि पडद्यावर एक टोक सरसर चढायला लागलं. दादाभाऊंनी आकडा बघितला, त्याखालची दांडी खाली ओढली. टोक बसलं. कुणी कानांवर हात नेला नाही, कुणी मागे वळून बघितलं नाही. गोकुळने लांबून अंगठा दाखवला. कितीतरी दिवसांनी दादाभाऊंचे खांदे सैल झाले.

मग त्यांनी नेहमीसारखा ताईंचा आवाज सजवायला घेतला. आवाज त्यांना गोणपाटाखालून आल्यासारखा वाटत होता. म्हणून बारीक आवाजाच्या दांड्या थोड्या वर नेल्या. अजून थोड्या. आता कुठे शब्द उमलले. ॲपमध्ये उजवीकडची रेघ फुगून वर आलेली दिसत होती, पण त्यांनी ती मनावर घेतली नाही. शिट्टीपुरतं ठीक आहे, गोडवा फोनला काय कळणार, असं त्यांना वाटलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी पदर कानांवरून ओढून घेतले होते. ऊन लागत असेल, असं दादाभाऊंनी ठरवलं.

दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला गेला. ताई पाण्याचा तांब्या घेऊन मिक्सरपाशी आल्या.

"दादाभाऊ, आज आवाज टोचत होता. माझाच मला सहन होईना. दोनदा तुम्हाला हाताने खूण केली."

"मला वाटलं ते कीर्तनातलंच हाय."

"काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. सगळं नाही. बारीक आवाज गेले, एवढंच. ताईंनी तांब्या खाली ठेवला.

"आधी सांगितलं असतं तर मी तुम्हाला सांभाळून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "आता गावकरी विचारतील. मला खोटं बोलता येणार नाही."

"नका बोलू," दादाभाऊ म्हणाले आणि वायरी गोळा करायला उठले.

मढच्या लोकांनी पुढच्या वर्षाचा सप्ताह ओतूरच्या एका पोराला दिला. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. फक्त फोन आला नाही. तो न आलेला फोन दादाभाऊंच्या अंगात तापासारखा मुरला. ते दिवसभर ओट्यावर बसून राहत. स्पीकरवर धूळ बसली, ती पुसावी असंही त्यांना वाटेना.

घोडेगावच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन तेवढं आधीपासून ठरलेलं होतं. त्या सकाळी गोकुळ सामान टेम्पोत चढवत असताना मंगल नवीन लुगडं नेसून बाहेर आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"तू कुठं?"

"तुमच्यासंगं. शिट्टी फोन बघंल. बाकीचं मी ऐकते."

मिक्सर तिने कधी हाताळला नव्हता. शाळेच्या पटांगणात ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. पोरींचं समूहगीत सुरू झालं. दादाभाऊंनी सवयीने बारीक आवाजाच्या दांड्या वर नेल्या.

"करपलं," मंगल म्हणाली.

"काय?"

तिने तोंड त्यांच्या कानाशी नेलं. "करपलं. खाली घ्या."

त्यांनी खाली घेतलं. "अजून," ती म्हणाली. त्यांना ते साफ बोथट, बसकं वाटायला लागलं होतं. बोट तिथून पुढे सरकेना. इतक्या वर्षांत या दांड्यांवर दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं. पडद्यावर उजवीकडची रेघ खाली बसली होती. मंगल त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी अजून थोडं खाली घेतलं, तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली.

दुपारपर्यंत असंच चाललं. मधे एकदा तिला डुलकी लागली आणि एका नाटुकल्यात राजाचा आवाज फुटला. एकदा दोघांची जुंपलीही. पण संमेलन पार पडलं. मुख्याध्यापक हात जोडत आले. "आवाज छान होता यंदा, दादाभाऊ."

दादाभाऊंनी मंगलकडे बोट केलं. "तिला सांगा."

गोकुळ स्पीकर उतरवत होता. दोघं नवरा-बायको मांडवाच्या सावलीत बसून वायरी गुंडाळत होते. मंगलचा चेहरा खुरपणी करून आल्यावर असतो तसा उतरला होता.

"पुढच्या रविवारी काम आलं तर मला यायला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "कांदा काढाया आलाय."

"बरं."

"मी काय दर वेळंला पुरणार न्हाई तुमाला. ती मशीन घ्या कानाची."

"बघू."

"बघू नगा. जाऊ."

दादाभाऊंनी वायरीचं वेटोळं घट्ट करून गाठ मारली. लोक काय म्हणतील, हे सांगण्यातही आता अर्थ नव्हता. लोकांनी जे म्हणायचं ते मढला म्हणून झालं होतं.

सोमवारी मंगलने कांद्याला दोन बाया लावल्या आणि ती त्यांच्याबरोबर नारायणगावच्या एसटीत बसली.