तोफेच्या तोंडी

"मॅडम, तुम्ही स्वतः कधी तोफेसमोर धावलात, की नुसतंच आम्हाला पिटाळता?"

प्रश्न माझा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि मला टिटवी म्हणतात ते काही उगाच नाही. मी विचारून मोकळी झाले, तर एकेकीला नेमक्या बुटाच्या नाड्या बांधायच्या आठवल्या.

तोफ म्हणजे आमच्या हॉकी संघातली सगळ्यात जोरकस फटका मारणारी. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून चेंडू मी बाहेर ढकलते, एकजण तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी अडवते आणि तोफ गोलवर डागते. बचाव करणाऱ्या गोलरेषेमागे थांबतात. चेंडू हलला की सुटायचं, आणि पहिली जी धावते ती थेट फटका मारणारीच्या अंगावर. आमच्या पहिल्या धावणारीचा घोटा मुरगळला होता, शनिवारी अंतिम सामना होता, आणि तिच्या जागी कोण, यावर सगळ्यांच्या माना खाली.

मला ती जागा हवी होती. पण आईनं हॉकीला होकार दिला तो एकाच अटीवर: चेंडूसमोर धावायचं नाही. आई दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. फुटलेले दात रोज बघते, आणि माझ्या दातांना नुकतीच तार बसवलेली.

आमच्या प्रशिक्षक मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी तोंड वाचवणारा कडक मास्क चढवला, हातमोजे घातले, गोलरेषेमागे जाऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "ढकल."

मी ढकलला. तोफेनं काठी मागे नेली तोवर मॅडम तिच्या पुढ्यात. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई, आमच्या आयांच्या वयाची, आणि तोफेला एक फटका धड मारू देईना. मी म्हटलं, तुम्ही चेंडूच्या आधी सुटता. तसं केलं तर शिक्षा म्हणून मैदानाच्या मध्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

मॅडमनी मास्क वर केला. "टिटवे, ढकलायच्या आधी तू जीभ बाहेर काढतेस. मी चेंडूकडे बघतच नाही. जीभ आत गेली की मी निघते."

सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. म्हणजे आख्ख्या मोसमात समोरच्या प्रत्येक संघाला मीच वर्दी देत होते. मग डोक्यात आलं, माझी जीभ असेल तर दुसरीचं काहीतरी असणारच. मी मास्क मागितला.

माझ्या जागी चेंडू ढकलायला आमच्यातली चिमणी आली. मी घाई केली आणि मैदानाच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. त्यानंतर मात्र धावण्याआधी नुसती तिला बघत राहिले. तिची डावी टाच उचलली जाते. टाच टेकली की चेंडू निघतो. पुढच्या वेळी मी टाचेबरोबर सुटले आणि तोफेचा चेंडू माझ्या काठीला लागून बाहेर गेला. हात कोपरापर्यंत झिणझिणला. इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं.

मॅडमनी धाव दुरुस्त केली. चेंडूच्या रेषेत अंग न्यायचं नाही, फक्त काठी. गोलची एक बाजू तू बंद कर, दुसरी गोलकीपर सांभाळेल. अंधार पडेपर्यंत त्यांनी तेच घोटून घेतलं. आईची अट त्यांना माहीत होती. निघताना म्हणाल्या, जागा तुझी, पण आईला अंधारात ठेवून माझ्या संघात कुणी धावत नाही.

मास्क मी घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर आईच्या ताटाशेजारी ठेवला. बाबा म्हणाले, हे भांडं कुठलं नवीन. आईनं मास्क उचलला, आतून बोटं फिरवली, हनुवटीच्या जागी अंगठा दाबून पाहिला, माझ्या तोंडावर चढवून पट्टा ओढला आणि तार कुठे टेकते का ते बघितलं.

"ढिला आहे," ती म्हणाली.

"पट्टा घट्ट करून घेईन. आई, बाबा, शनिवारी कॉर्नरला पहिली मी धावणार आहे. रेषेत माझी फक्त काठी असेल, दात नसतील. तुम्ही दोघं गोलच्या मागे बसा आणि समोरच्या संघाच्या चेंडू ढकलणारीकडे नीट बघा. मी तिच्याकडेच बघत असेन."